मंगल कार्यालयातलं फुटेज: रंग आणि उजेड कसा सावरायचा?

मुठाकाठ

मंडळी, लग्नाच्या व्हिडिओचं रंगकाम करायचं आहे आणि तीन कॅमेऱ्यांचे तीन रंग झालेत. तपशील आधीच देऊन ठेवतो, म्हणजे 'कॅमेरा कुठला?' यात दहा प्रतिसाद जायला नकोत.

ठिकाण म्हणजे पुण्याच्या पेठांमध्ये असतं तसं नेहमीचं कार्यालय. छताला ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, बोहल्यावर ३००० केल्विनचे पिवळे स्पॉट, डाव्या हाताला उघड्या खिडक्या. संध्याकाळी रिसेप्शनला जांभळे-निळे एलईडी पार दिवे. पहिला कॅमेरा सोनी, एस-लॉग ३ (उजेड जास्त मावावा म्हणून फिकट टिपलेलं 'लॉग' चित्र), १० बिट (० ते १०२३ अंक). दुसरा सोनीच पण जुना, ८ बिट, साधं रेक ७०९ (एचडी टीव्हीचं नेहमीचं रंगमापक). तिसरा आयफोन, त्यावर एचडीआर चालूच राहिलेलं. टाइमलाइन १०८०पी, २५ फ्रेम. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, विंडोजवर.

ब्राइटनेस वाढवला की केस राखाडी दिसतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की शालूची जरतार जळते. सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढवलं की हळदीचा कार्यक्रम नुसता पिवळा गोळा होतो. सुरुवात कुठून करायची?

लोलक

पहिलं म्हणजे ब्राइटनेस नावाच्या पट्टीला हात लावू नका. साध्या अ‍ॅपमधला ब्राइटनेस बहुतेक वेळा नुसती बेरीज करतो. ८ बिटमध्ये काळा ० आणि पांढरा २५५ धरा. ब्राइटनेस २० ने वाढवला की केसांचा १० होता तो ३० होतो, म्हणून राखाडी. जरीतले २४०, २४५, २५० हे तिन्ही २५५ ला जाऊन चिकटतात, म्हणून जरतार सपाट. तुम्हाला हवा होता चेहऱ्यावरचा उजेड, आणि हलवलंत सगळंच.

रिझॉल्व्हच्या कलर पेजवर चार चाकं आहेत. लिफ्ट काळ्याला हलवतो आणि पांढरा जागेवर ठेवतो. गेन गुणाकार करतो, त्यामुळे शून्य शून्यच राहतं आणि पांढरा सर्वात जास्त हलतो. गॅमा दोन्ही टोकं धरून मधला भाग ओढतो. ऑफसेट सगळ्याला सारखंच वर-खाली करतो. चेहरा काळवंडला असेल तर गॅमा. अख्खा शॉट कमी उजेडात घेतला असेल तर गेन.

कॉन्ट्रास्टच्या शेजारी पिव्हट नावाचा आकडा असतो, काळा ० आणि पांढरा १ धरून मूळ किंमत ०.४३५. कॉन्ट्रास्ट म्हणजे या आकड्यापासूनचं अंतर ताणणं. १.२ कॉन्ट्रास्टला ०.८ चं ०.८७३ होतं, ०.१ चं ०.०३३ होतं, आणि जरीचं ०.९५ जातं १.०५३ वर, म्हणजे बाहेर. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये 'यूज एस-कर्व्ह फॉर कॉन्ट्रास्ट' चालू असेल तर टोकं वळवून घेतली जातात आणि ही सरळ आकडेमोड तंतोतंत लागू होत नाही, तरी जरीचा तपशील दाबला जातोच. शॉट एकूण गडद असेल तर पिव्हट ०.३ च्या आसपास आणा. चेहऱ्याची पातळी तिथेच असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवला तरी चेहरा जागचा हलत नाही.

आणि हे सगळं स्कोप (उजेड-रंग मोजणारे आलेख) उघडून करा. वर्कस्पेस मेनूतून व्हिडिओ स्कोप चालू करायचे. परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) आणि व्हेक्टरस्कोप (रंगाची छटा आणि तीव्रता दाखवणारा) दोन पुरेत. डोळा पाच मिनिटांत पिवळ्याला सरावतो, परेड सरावत नाही.

कातरवेळ

लोलक यांनी चाकांचं सांगितलं, पण त्याआधी तीन कॅमेऱ्यांना एका भाषेत आणायला हवं. ते न करता चाकं फिरवत बसलात तर दिवस जाईल.

क्लिपवर राइट क्लिक करून प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा ग्रुप करा. नोडच्या (नोड म्हणजे दुरुस्तीचा एक टप्पा) चौकटीवर मग चार पर्याय येतात: प्री-क्लिप, क्लिप, पोस्ट-क्लिप, टाइमलाइन. एस-लॉगच्या ग्रुपमध्ये पोस्ट-क्लिपला कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एका रंगमापकातून दुसऱ्यात रूपांतर करणारा इफेक्ट) टाका: इनपुट एस-गॅमट ३ सिने, गॅमा (इथे चाक नव्हे, उजेडाची वक्ररेषा) एस-लॉग ३, आउटपुट रेक ७०९, गॅमा २.४. कॅमेऱ्यात नुसतं एस-गॅमट ३ निवडलं असेल तर तेच द्या. 'सिने' आणि बिगर-सिने यांत लाल आणि हिरवा लगेच वेगळा दिसतो. आयफोनच्या ग्रुपला प्री-क्लिपमध्ये तोच इफेक्ट: इनपुट रेक २०२०, गॅमा रेक २१०० एचएलजी, आउटपुट रेक ७०९ आणि २.४, टोन मॅपिंग (जास्तीचा उजेड दाबून बसवणं) डाविंची. जुन्या सोनीला काहीच लागत नाही.

एस-लॉगला पोस्टमध्ये आणि आयफोनला प्रीमध्ये का? लॉगमध्ये उजेडाची दुरुस्ती रूपांतराच्या आधी केली की खिडकीबाहेरचं आभाळ परत मिळतं. रूपांतरानंतर केली तर जे १०२३ च्या वर गेलं ते बऱ्याचदा दाबून टाकलेलं असतं. आयफोनचं चित्र फोननेच बरंच शिजवून दिलेलं असतं, तिथे रूपांतर करून मग साध्या चाकांनी काम सोपं जातं.

मुठाकाठ

कलर स्पेस ट्रान्सफॉर्म टाकल्यावर निम्मं काम झाल्यासारखं वाटलं. आता व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसणं). टेम्परेचरची पट्टी वापरू, गेनचं चाक की ऑफसेट? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

लोलक

ऑफसेट. फिल्मच्या लॅबमधल्या प्रिंटर लाइटची पद्धत तीच आहे.

कातरवेळ

गेन. ऑफसेटने बॅलन्स केला की सावल्यांत निळा चढतो, काळे कोट निळे दिसायला लागतात.

धुकट

दोघंही बरोबर आहात, फुटेज वेगवेगळं धरून बोलताय. दिव्याचा रंग चुकतो तेव्हा लाल, हिरवा, निळा प्रत्येकाला एकेका आकड्याने गुणलेलं असतं. ही चूक प्रकाशात होते, फाइलमध्ये नाही. लॉग फाइलमध्ये गुणाकाराची बेरीज झालेली असते, म्हणून तिथे ऑफसेट. रेक ७०९ मध्ये साधारण घातांकाची वक्ररेषा असते. घातांक लावला तरी गुणाकार गुणाकारच राहतो, म्हणून तिथे गेन. एस-लॉगवर गेन वापरला तर काळा आणि पांढरा वेगवेगळ्या रंगांचे होतात, आणि रेक ७०९ वर ऑफसेट वापरला की कातरवेळ म्हणतात तसे कोट निळे.

आकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एस-लॉग ३ मध्ये एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा) म्हणजे १०२३ पैकी साधारण ७९ अंकांची बेरीज, खोल सावल्या सोडून. म्हणजे एक स्टॉप गडद शॉट ऑफसेटने ७९ अंक वर न्यायचा, वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) मोजून. रेक ७०९ मध्ये गॅमा २.४ धरला तर एक स्टॉप म्हणजे गेन सुमारे १.३३, अर्धा स्टॉप १.१५. कॅमेरे वरच्या टोकाला वक्ररेषा वळवतात, त्यामुळे तिथे हे आकडे थोडे चुकतात.

लोलक

मान्य. मी लॉगच धरून चाललो होतो.

कातरवेळ

मीही रेक ७०९. आता पांढरं काय धरायचं ते. शालू, उपरणं, सिल्कचा सदरा यांपैकी काहीही धरू नका, ते मुळात मोतिया असतात. अंतरपाट बरा, कुंकवाचं स्वस्तिक सोडून बाकीचा भाग. भटजींचं पांढरं धोतर चालेल, पण नीळ घातलेलं असेल तर तेही निळसर. पांढरी भिंत तर अजिबात नको, ती आजूबाजूच्या फुलांचा रंग घेते. पांढऱ्या जागेवर परेडचे तिन्ही पट्टे एका उंचीला आले की झालं. त्यानंतर व्हेक्टरस्कोपवर स्किन टोन रेषा चालू करून चेहरा तपासायचा. त्वचा गोरी असो की सावळी, चेहरा त्या रेषेच्या जवळच पडतो, फरक पडतो तो उजेडाच्या पातळीत. सावळ्या चेहऱ्याला ओढून ७० टक्क्यांवर नेऊ नका; ५० च्या आसपास तो नैसर्गिक दिसतो. वधूवर गोरे दिसावेत अशी मागणी येते, ती पुरवायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण गॅमा ओढून चेहरा गोरा होत नाही, राखाडी होतो.

पाटीवाला

एवढं सगळं करणार कुठल्या स्क्रीनवर ते कोणी विचारलं का? लॅपटॉपवर नाइट लाइट चालू, खिडकीतून दुपारचं ऊन, भिंत पोपटी, आणि इकडे व्हेक्टरस्कोपवर चर्चा. नाइट लाइट बंद. 'व्हिव्हिड' बंद. मॉनिटरचा पांढरा ६५०० केल्विनला, गॅमा उजेडाच्या खोलीत २.२, अंधाऱ्या खोलीत २.४, ब्राइटनेस १०० निटच्या (पडद्याच्या उजेडाचं एकक) आसपास. पडदा ओढा. मॉनिटरच्या मागे भिंतीवर ६५०० केल्विनची एक पट्टी लावा, बुधवार पेठेत फार पैसे पडत नाहीत. रंगीबेरंगी आरजीबी पट्टी आणलीत तर परत पाठवण्यात येईल.

धुकट

पट्टी घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेलं पाहा. नुसतं 'कूल व्हाइट' लिहिलेल्या पट्ट्या बऱ्याचदा हिरवट असतात.

मुठाकाठ

पडदा ओढला. आता बोहल्याचा प्रश्न. वराचा अर्धा चेहरा खिडकीच्या उजेडात, अर्धा पिवळ्या स्पॉटमध्ये. एक बाजू बरोबर केली की दुसरी निळी किंवा नारिंगी होते.

लोलक

मिश्र प्रकाशात सगळं पांढरं करायचा हट्ट सोडा. निम्मा-निम्मा करा. ज्या बाजूचा चेहरा कॅमेऱ्याकडे जास्त आहे ती तटस्थपेक्षा किंचित उबदार ठेवा आणि दुसऱ्या बाजूचा फक्त अतिरेक कमी करा.

नोडची मांडणी अशी: पहिल्या नोडला उजेड, दुसऱ्याला एकूण व्हाइट बॅलन्स, तिसऱ्याला खिडकीची बाजू, चौथ्याला एकूण सॅच्युरेशन. ऑल्ट-एसने नवा नोड लागतो, कंट्रोल-डीने निवडलेला नोड चालू-बंद करून फरक बघता येतो. तिसऱ्या नोडवर क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडणारं साधन) निळसर भाग उचला. हायलाइटचं बटण दाबून राखाडी-रंगीत चित्र पाहा. ठिपके दिसत असतील तर ब्लर रेडियस वाढवा आणि क्लीन ब्लॅक, क्लीन व्हाइट थोडं द्या. मग पॉवर विंडोचा (आकार काढून भाग निवडणारं साधन) गोल चेहऱ्यापुरता, कडा भरपूर मऊ, आणि ट्रॅकर लावा. अक्षता उडतात तेव्हा ट्रॅकर हमखास सुटतो. त्या दहा-पंधरा फ्रेम ट्रॅकरला फ्रेम मोडमध्ये टाकून हाताने सरकवायच्या. या नोडवर टेम्परेचर नको, ह्यू व्हर्सेस सॅचमध्ये (एकेका रंगाचं सॅच्युरेशन बदलणारी वक्ररेषा) निळा तीस-चाळीस टक्के खाली घ्या. रंग काढला की डोळ्याला तो पांढरा वाटतो. उलटा रंग भरायला गेलात तर कडेला चिखल दिसतो.

छताच्या ट्यूबचा हिरवट झाक वेगळा. तो टेम्परेचरने जात नाही, टिंट मजेंटाकडे न्यावी लागते, बऱ्याचदा नुसत्या चार-पाच अंकांनी.

कातरवेळ

हळदीबद्दल कोणी बोललं नाही. हळदीच्या शॉटमध्ये लाल आणि हिरवा वर टेकलेले असतात आणि निळा जवळजवळ शून्यावर. ऑटो बॅलन्स दाबलात तर त्याला वाटतं चित्राची सरासरी राखाडी असली पाहिजे, आणि तो मांडव निळा करून ठेवतो. हाताने निळा वाढवलात तर शून्याजवळचा निळा चॅनल ताणला जातो आणि त्यातला सगळा नॉइज वर येतो. फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाही, तेव्हा तो नॉइज तुमच्या पदरात.

म्हणून हळद पिवळीच राहू द्या. स्किन टोनची रेषा हळद लागलेल्या गालावर शोधू नका, कानामागे किंवा मनगटावर शोधा. पिवळ्याचं सॅच्युरेशन ह्यू व्हर्सेस सॅचमध्ये थोडं खाली, ह्यू व्हर्सेस लमने पिवळा किंचित गडद, म्हणजे गालावरचे हळदीचे ओघळ वेगळे दिसतात. गोळा होतो तो रंगामुळे नाही, लाल चॅनल १०२३ ला चिकटल्यामुळे होतो, आणि चिकटलेल्यात पुन्हा तपशील येत नाही. होमाच्या ज्वाळेचंही तसंच: लाल आधी जळतो, मग हिरवा चढतो आणि ज्वाळा नारिंगीची पिवळी होते. तिथे लम व्हर्सेस सॅचमध्ये सर्वात उजळ भागाचं सॅच्युरेशन उतरवा, ज्वाळेचा गाभा पांढऱ्याकडे जातो आणि खरा वाटतो.

धुकट

रिसेप्शनच्या जांभळ्या-निळ्या दिव्यात नुसता वेव्हफॉर्म पाहिलात तर फसाल. रेक ७०९ मध्ये उजेडाच्या हिशोबात लालाचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा फक्त ०.०७२२. शुद्ध निळा १०२३ ला टेकला तरी उजेडाचा वेव्हफॉर्म ७४ च्या आसपास दाखवतो. म्हणजे स्कोप म्हणतो 'अंधार आहे', माणूस गेन वाढवतो, आणि चेहऱ्यावर निळे सपाट डाग पडतात. इथे परेडच बघायचा. निळा टेकलेला असेल तर गेन खाली, ह्यू व्हर्सेस सॅचमध्ये निळा खाली, आणि मग गॅमट मॅपिंग इफेक्टमध्ये सॅच्युरेशन कॉम्प्रेशन (अति तीव्र रंग दाबणं). डाग जात नाहीत, त्यांची कड मऊ होते. तेवढ्यावर समाधान मानायचं.

सिंहगडी

धागा ताणतोय, पण पावसाळ्यातल्या सिंहगडाच्या फुटेजवरही कोणी बोलेल का? फोनमधला हिरवा प्लास्टिकच्या हारासारखा दिसतो.

लोलक

फोन हिरव्याला पिवळ्याकडे ढकलतो आणि सॅच्युरेशन चढवतो. ह्यू व्हर्सेस ह्यूमध्ये हिरवा किंचित निळ्याकडे, ह्यू व्हर्सेस सॅचमध्ये वीस-तीस टक्के खाली, ह्यू व्हर्सेस लममध्ये थोडा गडद. धुकं असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवू नका. धुक्याचा पांढरा १०२३ पर्यंत न्यायचा नसतो, सातशे-आठशेच्या मध्ये ठेवला तरच ते धुकं वाटतं, नाहीतर मागे पांढरा कागद लावल्यासारखं दिसतं. जास्त ताणलंत तर ८ बिटमध्ये धुक्यात पट्टे पडतात.

कातरवेळ

विसर्जन मिरवणुकीचं फुटेज याच्या उलट. गुरुजी तालमीच्या गणपतीसमोर गुलाल उडतो तेव्हा हवेतली धूळ सगळ्या सावल्यांवर गुलाबी पडदा टाकते. परेडवर लालाचा तळ वर उचललेला दिसतो, हिरव्याचा-निळ्याचा खाली. लिफ्टच्या चाकातून फक्त लाल खाली आणा, गेनला हात नको, नाहीतर पथकाचे पांढरे कुर्ते निळसर होतील. पूर्णही काढू नका, गुलालाशिवाय काय मिरवणूक? लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळ होते तेव्हा एकाच क्लिपमध्ये उजेडाचा रंग बदलत जातो. तिथे क्लिप कापू नका, कीफ्रेमच्या खिडकीत डायनॅमिक कीफ्रेम (मधला बदल हळूहळू करणारी खूण) सुरुवातीला एक, शेवटी एक.

मुठाकाठ

लग्नाकडे येतो. आयफोनच्या काही शॉटमध्ये आडवे पट्टे वर सरकत जातात. हे रंगकामात जातं का?

धुकट

दिव्यांचं लुकलुकणं आहे. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण स्पंदनं बसतात. १/६० ला पावणेदोनच्या आसपास बसतात, म्हणून पट्टे.

आता गंमत बघा. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्यात बरोबर चार स्पंदनं, त्यामुळे चुकीच्या शटरला पडलेले पट्टे जागच्या जागी उभे राहतात. ३० फ्रेमला फ्रेममध्ये ३.३३ स्पंदनं, म्हणून पट्टे सरकतात आणि दर तीन फ्रेमला चक्र पुरं होतं. याचा फायदा घेता येतो. ३० फ्रेमच्या वेगळ्या टाइमलाइनवर तीच क्लिप तीन थरांत ठेवा, प्रत्येक थर एका फ्रेमने पुढे, अपारदर्शकता खालून वर १००, ५० आणि ३३. तिन्ही फ्रेमची समान सरासरी निघते आणि पट्टे जवळपास पुसले जातात. हलत्या शॉटमध्ये भुताटकी (एकावर एक पुसट प्रतिमा) दिसेल, स्थिर शॉटलाच वापरा. डिफ्लिकर इफेक्ट आहे, पण तो स्टुडिओ आवृत्तीत. डिमरवर लावलेल्या स्वस्त एलईडीची लुकलुक वेगळ्या गतीची असते, तिला हा उपाय नाही.

फुकटात, हलक्या मशीनवर काम असेल तर केडेनलाइव्ह हे सॉफ्टवेअरही आहे. त्यात ब्राइटनेस इफेक्ट सोडून 'लिफ्ट/गॅमा/गेन' लावा. स्कोप व्ह्यू मेनूत. कमांडने चालणाऱ्या एफएफएमपेगच्या इक्यू फिल्टरवाल्यांना एक सूचना: त्यात ब्राइटनेस ० म्हणजे बदल नाही, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, गॅमा १ म्हणजे बदल नाही. आणि तो ८ बिटवरच चालतो. १० बिटची फाइल दिली की गुपचूप ८ बिट करून घेतो, मग लोक पट्टे का पडले म्हणून डोकं धरतात.

पैठणकाठ

घरातल्या जुन्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणली आहे. तिलाही हेच लागू?

धुकट

थोडं वेगळं. ती पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला ५० इंटरलेस फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं). आधी डीइंटरलेस (अर्ध्यांची पूर्ण चित्रं करणं), मग रंग. खालच्या चार-सहा ओळींत टेप हेडचा कचरा असतो, तो कापल्याशिवाय स्कोप बघू नका, तळाचे आकडे खोटे येतात. आणि रंगाचा ढाचा रेक ६०१ (एचडीच्या आधीच्या टीव्हीचा). तसाच एचडीत ताणला आणि प्लेअरने ७०९ समजून वाचला तर कुंकू नारिंगीकडे जातं आणि हिरवा चुडा गडद होतो. रंगकामाच्या आधी हे रूपांतर करून घ्या, नाहीतर चुकीच्या कुंकवावर तासभर चाकं फिरवाल.

मुठाकाठ

लट (LUT) लावावा का? एक 'सिनेमॅटिक' पॅक डाउनलोड केलाय.

पाटीवाला

लावा की. लग्न पुण्यातलं आणि चेहरे निळसर-नारिंगी परदेशी.

लोलक

पाटीवाल्यांचा मुद्दा बरोबर, पण कारणही सांगतो. लट म्हणजे तयार तक्ता. ३३ चा असेल तर ३३ गुणिले ३३ गुणिले ३३, म्हणजे ३५,९३७ ठिकाणचे रंग त्यात लिहिलेले, मधले अंदाजाने. तो कुठल्या फुटेजसाठी बनवलाय ते महत्त्वाचं. लॉगसाठीचा लट रेक ७०९ वर टाकला की कॉन्ट्रास्ट दुप्पट होतो, सावल्या काळ्याकुट्ट. दुसरं, रिझॉल्व्हच्या नोडमध्ये १०२३ च्या वर गेलेला आकडा पुढच्या नोडमध्ये परत आणता येतो, पण मध्ये लट आला की तो तिथेच कापला जातो. म्हणून लट सर्वांत शेवटी, टाइमलाइनच्या नोडवर, आणि की टॅबमध्ये की आउटपुटचा गेन ०.४ ते ०.५. तो लट कमी तीव्रतेने मिसळतो.

प्रीमियर वापरणाऱ्यांनी लुमेट्री (त्यातला रंगकामाचा इफेक्ट) दोनदा लावावं: वरच्यात उजेड आणि बॅलन्स, खालच्यात लट. इफेक्ट वरून खाली लागतात.

सिंहगडी

एक्स्पोर्ट केल्यावर सगळं फिकट दिसतं त्याचं काय?

कातरवेळ

दोन वेगळे आजार आहेत. एक लेव्हलचा. व्हिडिओ फाइलमध्ये ८ बिटचा काळा १६ ला आणि पांढरा २३५ ला असतो. फाइल अशी आणि प्लेअर तिला ० ते २५५ समजला तर काळा राखाडी, सगळं फिकट. उलट झालं तर सावल्या बुजतात. डिलिव्हर पेजवर डेटा लेव्हल ऑटोच ठेवा; 'फुल जास्त चांगलं' म्हणून फुल निवडणं ही नेहमीची चूक. ओळखायचं कसं? फाइल परत टाइमलाइनवर आणून परेड बघा. मूळ आणि ही जुळली तर फाइल ठीक, दोष प्लेअरचा. दुसरा आजार मॅकवर: क्विकटाइम गॅमाची खूण वेगळी वाचतो आणि मधले भाग उजळ दाखवतो. सावल्यांचा काळा जागेवर असेल आणि फक्त मधला भाग उजळ असेल तर हाच. मॅकच्या रिझॉल्व्हमध्ये रेक ७०९-ए हा पर्याय त्यासाठीच आहे.

यूट्यूब १०८०पी, २५ फ्रेमला ८ एमबीपीएस सुचवतं. पंधरा-वीस दिलेत तर अंधारे शॉट जास्त टिकतात, कारण तिथे पुन्हा एकदा दाबलं जातंच. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या तुकड्यात काळा अगदी शून्यावर नेऊ नका, रिसेप्शनच्या मागच्या पडद्यावर चौकोन पडतात.

मुठाकाठ

शेवटचं एक. जुन्या सोनीचा अंतरपाट परेडवर लाल ७४०, हिरवा ७२०, निळा ६३०. एस-लॉगवाल्या मोठ्या सोनीचा, रूपांतरानंतर, तिन्ही ७१०. जुन्याला मोठ्याशी जुळवायचंय. चाक फिरवतो तर एक आला की दुसरा जातो.

लोलक

चाकाऐवजी पट्ट्या वापरा, आणि आधी ल्युमिनन्स मिक्स १०० वरून ० करा. तो १०० वर असेल तर एक चॅनल हलवला की उजेड राखायला बाकीचे दोन आपोआप सरकतात, तुमचं तेच होतंय.

मग भागाकार. गेन लाल ७१० भागिले ७४०, ०.९६. हिरवा ७१० भागिले ७२०, ०.९९. निळा ७१० भागिले ६३०, १.१३. तिन्ही टाइप करा. त्यानंतर मोठ्या सोनीच्या शॉटचं स्टिल पकडा, त्याच क्षणाचं, आणि डबल क्लिक करून वाइपमध्ये शेजारी बघा. काळ्या कोटाच्या तळाशी निळा वर दिसला तर लिफ्टमधून निळा तीन-चार अंक खाली. लिफ्ट हलवल्यावर ७१० ला किंचित फरक पडतो, तेव्हा निळ्याचा गेन परत एकदा ०.०१ ने बघायचा. चेहरा त्यानंतर.

मुठाकाठ

निळा गेन १.१४ वर थांबला, लिफ्ट उणे ०.०१. कोट काळे, अंतरपाट पांढरा. उरलेल्या क्लिपना हाच ग्रेड चिकटवतो, खिडकीकडच्या चार सोडून.